पुस्तकातील घर आणि घरातील शाळा

‘आईने दळण दळले.’ हे वाक्य वाचावयास क्षणभरही लागत नाही. वाचणारा मुलगा पान उलटतो आणि पुढे जातो. परंतु ज्याने एकदा तरी जात्याचा खुंटा हातात धरून धान्य दळले आहे, त्याला त्याच तीन शब्दांत कितीतरी अधिक दिसते. जात्याची घरघर, खांद्याला लागलेली रग, कपाळावरचा घाम आणि एवढे कष्ट करून जात्याभोवती जमलेले ओंजळभर पीठ, हे सारे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वाक्य तेच, अक्षरेही तीच. फरक पडतो तो हातांच्या अनुभवामुळे.

हा अनुभव मुलांना मिळावा, यासाठी काही घरांत मोठी युक्ती योजलेली दिसते. जगात अनेक कुटुंबे मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकवितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९३ पासून सर्वच्या सर्व ५० राज्यांत अशा शिक्षणास कायद्याची मुभा आहे. या घरच्या शाळेत घंटा नसते, वर्ग नसतात. स्वयंपाकघरातील मेज हाच बाक आणि आईवडील हेच शिक्षक. तेथे एखादे चांगले पुस्तक निवडतात, चारसहा आठवडे ते रोज थोडे थोडे मोठ्याने वाचतात आणि त्या पुस्तकातील माणसांनी जे जे शिवले, विणले, घडविले किंवा रांधले असेल, त्यापैकी जमेल तेवढे घरी करून पाहतात. त्यातूनच मग गणित, शास्त्र, भूगोल आणि इतिहास हे विषय फुटत जातात, जशा एका खोडाला फांद्या फुटाव्यात.

असा खेळ करताना एक धोका मात्र असतो. चिकटविणे, रंगविणे आणि खाणे यांतच वेळ जाऊन पुस्तक बाजूला राहण्याचा संभव असतो. इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांनी घरच्या शिक्षणावरील आपले पुस्तक १८८६ साली प्रसिद्ध केले. मुलांच्या हातून निरुपयोगी वस्तू करवून घेऊ नयेत, जे करावयाचे ते सावकाश व नीट शिकवावे आणि गबाळे काम चालवून घेऊ नये, असे त्यांचे सांगणे होते. हाताने केलेली वस्तू पुस्तकातील एखादे वाक्य उलगडून दाखवील, तरच ती करण्यात अर्थ आहे. हे कसे साधते, ते घरच्या शाळांत अतिशय आवडीने वाचल्या जाणाऱ्या एका पुस्तकमालेवरून पाहता येईल.

लॉरा इंगल्स वाइल्डर या अमेरिकन लेखिकेचा जन्म ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील पेपिन गावाजवळ, ओंडक्यांच्या एका लहानशा घरात झाला. तिचे वडील चार्ल्स शेती व शिकार करीत. आई कॅरोलाइन लग्नापूर्वी शिक्षिका होती. मेरी ही थोरली बहीण. कॅरी आणि ग्रेस या धाकट्या. हे कुटुंब नव्या जमिनीच्या शोधात झाकलेल्या घोडागाडीतून गावोगाव फिरले. पुढे वयाच्या पासष्टाव्या वर्षी, १९३२ साली, लॉराचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘लिटल हाऊस इन द बिग वुड्स’, म्हणजे ‘मोठ्या अरण्यातील लहान घर’, हे त्याचे नाव. त्यानंतर आलेल्या पुस्तकांत तिने आपल्या बालपणाची हकीकत पुढे चालविली. १९५७ साली लॉराचे निधन झाले. परंतु तिच्या घरातील चूल आजही असंख्य घरांतून पेटविली जाते.

त्या अरण्यातील घरात आठवड्याचा प्रत्येक वार एकेका कामासाठी ठरलेला होता. गुरुवार हा लोणी काढण्याचा दिवस. उंच भांड्यात साय घालून तिच्यात लाकडी दांडा कितीतरी वेळ वरखाली करावा लागे. हिवाळ्यात निघणारे लोणी फिकट दिसे, म्हणून लॉराची आई एक गाजर किसून ते दुधात गरम करी, कापडातून पिळून काढी आणि ते पिवळे दूध सायीत मिसळी. मग लोणी सुरेख पिवळे होई. उरलेला गाजराचा कीस मेरी आणि लॉरा यांना खाऊ म्हणून मिळे. शेवटी आई लोणी लाकडी साच्यात दाबी. साच्याच्या तळाशी स्ट्रॉबेरीचे फळ आणि दोन पाने कोरलेली होती. त्यामुळे प्रत्येक वडीवर ते चित्र उमटे.

घरच्या शाळेत हे सहज करता येते. झाकण घट्ट बसेल अशी बरणी घ्यावी, ती ताज्या दाट सायीने अर्धी भरावी आणि हलवीत राहावे. प्रथम साय पातळ असते, मग फुगते, आणि हात अगदी भरून आल्यावर एकाएकी आवाज बदलतो. आत पिवळसर गोळा आणि पांढरे पाणी वेगवेगळे झालेले दिसतात. सायीत स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि प्रत्येक कणाभोवती एक पातळ आवरण असते. हिसक्यांनी ही आवरणे फाटतात, कण एकमेकांस चिकटतात आणि त्यांचा गोळा बनतो. आपल्याकडे साय विरजून तिचे दही रवीने घुसळतात. पद्धत निराळी, परंतु तत्त्व एकच.

मग गाजराचे काय? हिरव्या गवतात कॅरोटीन नावाचे पिवळे द्रव्य असते. गाईने ते गवत खाल्ले, की ते तिच्या दुधातील स्निग्धांशात उतरते. हिवाळ्यात गाई वाळलेल्या गवतावर राहतात. त्यात कॅरोटीन कमी असते, म्हणून लोणी फिकट होते. गाजराचा रंगही कॅरोटीनचाच. लॉराच्या आईने रसायनशास्त्राचे पुस्तक वाचलेले नसेल. पण हिवाळ्याने जे द्रव्य काढून घेतले होते, नेमके तेच तिने लोण्याला परत दिले. म्हैस मात्र आपल्या शरीरात कॅरोटीनचे रूपांतर अ जीवनसत्त्वात करून टाकते. म्हणून म्हशीचे लोणी पांढरेशुभ्र असते आणि गाईचे पिवळसर, हे महाराष्ट्रातील कोणत्याही घरात पाहता येते.

नाताळच्या सुमारास त्या घरात आणखी एक खाऊ होई. आई काकवीसारखा दाट, काळसर द्रव आणि साखर एकत्र उकळून पाक करी. वडील बाहेरून दोन पसरट भांड्यांत स्वच्छ बर्फ भरून आणीत. मग मुली त्या बर्फावर पाकाची बारीक धार धरून वेटोळी, वळणे, नाना आकार काढीत. पाक तत्काळ कडक होई, आणि झाली मिठाई तयार!

ज्या प्रदेशात बर्फ पडत नाही, तेथे तूप लावून गार केलेली थाळी घ्यावी आणि काकवीऐवजी गूळ घ्यावा. उकळता पाक अंगावर उडाल्यास गंभीर भाजते, म्हणून तो ओतण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. मुलांनी निरीक्षण करावे. पाक उकळू लागला, की त्यातील पाण्याची वाफ होत जाते आणि त्याचे तपमान १०० अंश सेल्सिअसच्या वर चढते. सुमारे ११५ अंशांवर त्याचा थेंब गार पाण्यात टाकला, तर मऊ गोळी होते. तपमान त्याहून पुष्कळ वाढले, म्हणजे थेंब काचेसारखा कडक होऊन मोडतो. चिक्की करणारी प्रत्येक गृहिणी वाटीभर पाण्यात थेंब टाकून हीच परीक्षा पाहते. पाक एकदम गार झाला, तर साखरेच्या कणांना रांगेत बसून स्फटिक बनविण्यास अवधी मिळत नाही, म्हणून तो काचेसारखा होतो. तोच ढवळत सावकाश गार केला, तर रवाळ होतो. एका थाळीत मिठाईही झाली आणि शास्त्राचा एक पाठही झाला.

लहानग्या लॉराची पहिली बाहुली कोणती होती? दाणे काढून उरलेले मक्याचे एक कणीस! त्यालाच रुमालात गुंडाळून ती जोजवीत असे. पुढे एका नाताळात तिला खरी चिंधीची बाहुली मिळाली. तिचे डोळे काळ्या बटणांचे, केस काळ्या लोकरीचे आणि गाल व ओठ रानफळांच्या रसाने रंगविलेले होते. जुन्या धोतराचा किंवा पातळाचा तुकडा, थोडा कापूस, दोन बटणे आणि सुईदोरा एवढ्यावर अशी बाहुली कोणालाही करता येते. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात मेरी आणि लॉरा आईच्या पेटीतील बटणे दोऱ्यात ओवून धाकट्या कॅरीसाठी माळ करतात. बटणे रंगांप्रमाणे लावावीत, की आकारांप्रमाणे? पुन्हा पुन्हा ओवावे, उसवावे, पुन्हा ओवावे. विकत आणलेल्या खेळण्याच्या मागे असा विचार नसतो.

घरच्या शाळेतील खाऊ थोडाच असावा, हेही हीच पुस्तके शिकवितात. एका नाताळात कॅन्सासच्या गवताळ मैदानात हे कुटुंब राहत होते. पुराने फुगलेला ओढा पोहून एक शेजारी त्यांच्याकडे आला. प्रत्येकीसाठी त्याने एक पत्र्याचा पेला, पेपरमिंटच्या मिठाईची एक कांडी, साखर भुरभुरलेला बदामाच्या आकाराचा एक छोटा केक आणि एक नाणे आणले होते. एवढ्यानेच त्या मुली हरखून गेल्या. हे प्रकरण वाचल्यावर घरात केकचे ताट भरून ठेवले, तर प्रकरणाचा अर्थच नाहीसा होईल. प्रत्येकाला एकच लहान केक मिळावा आणि तो किती सावकाश खाता येतो, हे प्रत्येकाने पाहावे. कमीपणाची गोडी अशी कळते.

परंतु या मालेतील सर्वांत कठोर धडा १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लाँग विंटर’ या पुस्तकात आहे. १८८० चा ऑक्टोबर उजाडला आणि डाकोटा प्रदेशातील द स्मेट या नव्या गावावर हिमवादळांची मालिका सुरू झाली. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत गावात एकही आगगाडी येऊ शकली नाही. कोळसा संपला, रॉकेल संपले, पीठही संपले. दोन तरुण जीव धोक्यात घालून बर्फाच्या मैदानापलीकडे गेले आणि एका शेतकऱ्याकडून गहू घेऊन आले. त्यांपैकी अल्मांझो वाइल्डर याच्याशी पुढे १८८५ साली लॉराचा विवाह झाला. गहू मिळाला, पण गिरणी कोठे होती? घरात कॉफीचे दाणे दळण्याची हातभर उंचीचीही नसलेली चक्की तेवढी होती. तिच्यात एका वेळी थोडेच दाणे मावत. घरातील माणसे आळीपाळीने दिवसभर तिचा दांडा फिरवीत आणि त्या भरड पिठाची भाकरी भाजून सहा जणांत वाटून खात.

हे प्रकरण वाचल्यावर घरात जे जाते किंवा हाताची चक्की असेल, तिच्यावर पंधरा मिनिटे गहू दळून पाहावेत आणि निघालेले पीठ तोलावे. समजा, पीठ ६० ग्रॅम भरले. माणशी दिवसाला २४० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर सहा माणसांना १४४० ग्रॅम हवे. म्हणजे पंधरा पंधरा मिनिटांच्या २४ पाळ्या. एकूण सहा तास! उद्या पुन्हा सहा तास, परवा पुन्हा सहा तास, आणि वादळ तर थांबावयास तयार नाही. हे गणित फळ्यावर सोडविणे निराळे आणि दुखऱ्या मनगटाने सोडविणे निराळे. त्यानंतर ताटात अर्धी भाकरी टाकण्यास सहसा कोणी धजत नाही.

कोळसा नसल्यामुळे लॉरा आणि तिचे वडील वाळलेले गवत पिळून त्याच्या घट्ट कांड्या करीत व त्या चुलीत जाळीत. कांडी भराभर जळून जाई, म्हणून दुसरी पिळावी लागे. गवताच्या धारदार टोकांनी हात ओरबाडून निघत. घरी मूठभर कडबा किंवा जुने वर्तमानपत्र घेऊन अशी एक कांडी पिळून पाहावी. ती जाळण्याची आवश्यकता नाही. पिळ सुटू न देता तिची टोके अडकविणे किती अवघड असते, तेवढे कळले तरी पुरे. रॉकेल संपले, तेव्हा लॉराच्या आईने एका बटणावर चौकोनी चिंधी गुंडाळली, ती वर गोळा करून दोऱ्याने बांधली, वरची टोके वातीसारखी मोकळी ठेवली आणि गाडीच्या चाकाला लावावयाच्या वंगणात ते बटण बशीवर उभे केले. झाला दिवा! महाराष्ट्रातील मुलांनी हे वाचताच त्यांना आपल्या देवघरातील फुलवात आठवेल. खाली बैठक, वर शेंडी आणि भोवती थिजलेले तूप. रचना तीच आहे. उष्णतेने तूप वितळते, वातीतून वर चढते आणि जळते. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन घरांना एकाच गरजेने एकच युक्ती सुचली. असा दिवा लावावयाचा तो मात्र वडीलधाऱ्या माणसांच्या देखत.

पुस्तकाशी एवढी जवळीक झाली, की त्यातील सर्वच गोष्टी गोड वाटू लागतात. येथे घरच्या शाळेने सावध राहिले पाहिजे. लॉराचे कुटुंब १८६९ ते १८७१ या काळात कॅन्सासमध्ये ज्या जमिनीवर राहिले, ती ओसेज नावाच्या मूळ रहिवाशांच्या मालकीची होती. १८७० नंतर ओसेज लोकांना ती सोडून दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमा राज्यात जावे लागले. लॉराच्या पुस्तकांत काही पात्रे या लोकांविषयी तुच्छतेने बोलतात आणि त्यांची बाजू तेथे पुरेशी येत नाही. अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने लॉराच्या नावाने दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नाव २०१८ साली बदलले, त्याचे कारण हेच होते. म्हणून केक खाताना मुलांनी हेही विचारावे, की हे घर कोणाच्या भूमीवर उभे होते? ज्यांना तेथून जावे लागले, त्यांच्या चुलीवर काय शिजत असेल? त्यांच्या मुली कोणत्या बाहुल्यांशी खेळत असतील? हातांनी जसे कष्ट कळतात, तसा प्रश्न विचारल्याने न्याय कळतो. पुस्तकावर प्रेम करावे. पण त्याला प्रश्न विचारण्याचे सोडू नये.

हातांच्या कामातून शिकण्याचा हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची कल्पना मांडली. तीच पुढे ‘नई तालीम’ म्हणून प्रसिद्ध झाली. टकळीवर सूत काढणारा मुलगा तार मोजताना गणित शिकतो आणि कापूस कोठे पिकतो हे विचारताना भूगोल शिकतो, असे तिचे स्वरूप होते.

आणि ज्या मुलांना आपल्याच भाषेतील पुस्तकापासून आरंभ करावयाचा असेल, त्यांना दूर जाण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. त्यात ‘पत्रावळ’ नावाचे प्रकरण आहे. श्यामला पत्रावळ लावता येत नाही आणि त्याने ती शिकावी, असा आईचा आग्रह असतो. पळसाची किंवा वडाची पाने घ्यावीत, बांबूच्या बारीक चोया घ्याव्यात आणि बसावे. पहिली चोय पान फाडते, दुसरी निसटते. कशीबशी झालेली पत्रावळ आमटी वाढताच गळू लागते. तेव्हा पाने एकमेकांवर किती चढवावयाची आणि टाका कोठे घ्यावयाचा, हे उमगते. ‘अळणी भाजी’ हे प्रकरण वाचल्यावर एक दिवस मीठ न घातलेली भाजी पानात घ्यावी आणि चेहऱ्यावर काहीही न दाखविता चार घास खावेत. करणाऱ्याचे मन दुखू नये म्हणून मुकाट्याने जेवणे म्हणजे काय, हे त्या चार घासांत जिभेला कळते, आणि जिभेकडून ते मनापर्यंत जाते.

अशा कामाला फार पैसा लागत नाही आणि मोठी जागाही लागत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही सुटीच्या दिवशी ते करता येईल. एक पुस्तक, एक दुपार, घरातील जुनी चिंधी, मूठभर धान्य किंवा झाडाखाली पडलेली पाने एवढी सामग्री पुरेशी आहे. जे करावयाचे ते नेटके करावे, वाया काही घालवू नये, आणि काम झाल्यावर हात धुऊन पुन्हा त्याच पानाकडे वळावे. मघाशी ज्या ओळीवरून डोळे सहज पुढे सरकले होते, त्याच ओळीपाशी ते आता थांबतील.